ताट न्हाई, प्लेट

"प्लेट घ्या, प्लेट घ्या!" लेकीच्या लग्नात मोहनराव मांडवाच्या तोंडाशी उभे राहून ज्याला त्याला सांगत होते. साखराबाईलाही दोनदा सांगून झालं. दरसाल त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवणारी, घरच्यासारखीच माणसं की! पण साखराबाई आपली खांबाला टेकून उभीच.

समोर तिचा नवरा बंकट जेवत होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यानं जेवून उठावं आणि त्याच्याच ताटात हिनं बसावं, हा घरचा रिवाज. तो इथं कसा मोडायचा? सिरसाळ्याला यायचं म्हणून पहाटे उपाशीपोटीच एसटी धरलेली, आता दुपार टळत आलेली. पोटात कावळे नुसते कोकलत होते. शिवाय धास्ती वेगळीच! जेवण झालं की लोक ताटं सरळ पाण्याच्या टबात टाकत होते. ह्यांचंही टबात गेलं, तर आपण कशात जेवायचं?

"संगीता," तिनं सुनेला विचारलं, "प्लेट प्लेट काय लावलंय गं? ताटच हाय की त्ये."

"ताटच हाय, आत्याबाई."

"मग ताट कावून म्हनत न्हाईत?"

हातातली पुरी तशीच धरून संगीता विचारात पडली. "ताट वाढून देत्यात," ती म्हणाली. "प्लेट आपली आपन घ्यायची."

आपली आपण! साखराबाईला मोठी गंमत वाटली. ती टेबलापाशी गेली, एक प्लेट उचलली, पदरानं पुसली, उलटीपालटी करून बघितली.

"काय वाढू, मावशी?" वाढप्यानं विचारलं.

आता आली का पंचाईत! जन्मभर उरलंसुरलं खाल्लेल्या बाईनं काय सांगावं? तिनं एकेका पातेल्यात वाकून बघितलं. "त्ये वांग्याचं दे," ती म्हणाली. "आन् वरची तर्री बी."

पहिला घास तोंडात घालते तोच बंकट आला. भात, भाजी सगळं संपवून त्यानं प्लेटमध्ये दोन जिलब्या तेवढ्या ठेवल्या होत्या. "कुठं गेलतीस? तुझ्यासाठी..." एवढ्यात तिच्या हातातल्या प्लेटकडं त्याचं लक्ष गेलं.

"मला हाय माझं. तुमी खावा."

"गोड तुझं असतंय की."

खरंच, ताटात गोडाचा तुकडा कायम शिल्लक असायचा. ह्यांना गोड चालत नाही, असंच ती आजवर समजत आलेली. "तुमाला आवडत न्हाई का?" तिनं विचारलं.

"काय म्हाईत," बंकट म्हणाला, आणि भीतभीतच त्यानं जिलबीचा तुकडा मोडला.