बदलीचा नियम

"कुणाला पटायचं नाही," वलीचाचा पिवळं फडकं झटकत म्हणाले, "पण काल हातानं खेळायच्या अमेरिकन फुटबॉलात मी पंच होतो." दोह्यातल्या नव्या कॉलेजची बस ते चालवत. लेकीचा निकाह तोंडावर, तरी बदली ड्रायव्हर नसल्यानं रजा तीनदा नाकारलेली. "खऱ्या पंचाला ऊन लागलं, शिट्टी माझ्या गळ्यात. नियम असा, बदली मैदानात आला की जुना तीन सेकंदांत बाहेर. उंटाएवढा गडी हलेचना. चूक दिसली की पंचानं पिवळं फडकं फेकायचं; मी हेच फेकलं, शिक्षा म्हणून संघ पाच यार्ड मागे. कोच म्हणे, बदली अजून कुणाशी बोललाच नाही, बोलल्याशिवाय तो खेळात आला असं धरत नाहीत. म्हटलं, आला म्हणजे जुना सुटला, खलास. मैदानाकडेला उभा आमचा बसचा मॅनेजर हे ऐकून वरमला; म्हणाला, तुझा बदली उद्या येतो." रूममेट संपतनं ड्यूटीची यादी दाखवली. "चाचा, मॅच मानली. पण उद्याच्या पहिल्या फेरीला तुमचंच नाव आहे."