नमस्कार करायचा नाही

“आत गेल्यावर नमस्कार करायचा नाही,” तपासणीच्या खोलीबाहेर मालतीने नवऱ्याला पुन्हा बजावलं. “डॉक्टर उद्धट म्हणाले तरी चालेल.”

सदानंद हसला. लकव्यानंतर वर्षभर घाम गाळून त्याने डावा हात छातीपर्यंत आणला होता. त्या हाताने अजून चहाचा कपही धरता येत नव्हता. पण मागच्या तपासणीत त्याने सवयीने हात जोडले आणि अडतीस टक्केच अपंगत्व लिहून मिळालं. पेन्शनला चाळीस लागतात. आजचं अपील शेवटचं होतं.

नाव पुकारलं. तो हात खाली सोडून आत गेला.

टेबलामागच्या वयस्कर डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “नमस्कार, सदानंदराव. बसा.”

त्याला कळलं तेव्हा त्याचेही हात छातीशी जुळले होते. बाई अजून उभ्याच होत्या, त्याच्या डाव्या हाताकडे बघत.