पाच किलो सामान

चंद्रावर लेकीकडे कायमच्या राहायला आलेल्या कुमुदिनीबाई यानातून रिकाम्या हाताने उतरल्या.

“आई, पाच किलो सामान आणता येत होतं ना?” गरोदर शाल्मलीने विचारलं.

“सामानाऐवजी तेवढा नायट्रोजन आणलाय, यानाच्या टाकीत भरून. इथल्या दगडातून ऑक्सिजन निघतो, नायट्रोजन निघत नाही, म्हणून छोटी खोली हवेविना बंद आहे, असं तूच म्हणाली होतीस. पाच किलोत भरेल का गं?”

शाल्मलीने मनातच हिशेब केला. पृथ्वीवरच्या दाबाला अठ्ठावीस ग्रॅमचे जवळपास साडेबावीस लिटर, म्हणजे पाच किलोचे चार हजार. ऑक्सिजन मिसळला की खोली भरणार होती.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. कुमुदिनीबाई आधी आत शिरल्या, त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि छताकडे बघत विचारलं, “पाळणा कुठे टांगायचा?”