पाठीवरचा पंजा

दुर्गाने सोनीचा खो-खोचा पांढरा टी-शर्ट पुन्हा बादलीत बुडवला. पाठीवर चिखलाचा पंजा होता. साबण, लिंबू, सोडा, सगळं करून झालं होतं. धुतलं की डाग जायचा आणि टी-शर्ट वाळला की पुन्हा दिसायचा, ओलाच.

"कोण गं खो देतं तुला अशा हातानं?"

"कोणीच नाही. आम्ही हॉलमध्ये मॅटवर खेळतो, आई. तिथं माती कुठंय?"

दुर्गाने डागावर आपला हात ठेवून पाहिला. कारखान्यात राबून तिचा हात पुरुषासारखा झाला होता, तरी डागाची बोटं त्याच्याबाहेर उरली.

तिने टी-शर्ट जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी कंपनीत खाडा केला, सोनीला शाळेत पाठवलं नाही. आमली वस्तीतल्या आपल्या खोलीचं दार आतून लावून ती लेकीजवळ बसून राहिली.

दुपारी सोनी जमिनीवर बसून जेवत होती. अचानक ती ताट तसंच टाकून उठली आणि दाराकडे धावली. दुर्गाने तिला धावत जाऊन कवटाळलं. हाताखाली लेकीचा फ्रॉक पाठीवर ओला लागला.

"कुठं चाललीस, माय?" दुर्गा रडत म्हणाली.

सोनी कडीकडे हात लांबवत होती.

"सोड ना, आई. मला खो मिळालाय."