भिंतीपलीकडचा खोकला

"तिएरी, ये रे घरला, दूध निवलं!"

खाणीच्या कडेवरून आलेली ती बापाची हाक. किती हिवाळे लोटले, तरी तिएरीच्या कानातून ती गेली नव्हती. आई वारली तेव्हा बाप-लेक दोघं या मठात आले. पोराच्या हाती पोथी पडली, बापाच्या हाती छिन्नी. चर्चच्या मधोमध आडवी भिंत उठली, तीही बापानेच रचली. अलीकडे स्तोत्रं गाणारे साधू, पलीकडे राबणारे बंधू. चित्र नाही, रंग नाही, नुसता उघडा दगड. त्या दगडाला आवाज टाकवत नसे. प्रार्थना संपली, की पलीकडचा खोकला कमानींखाली घुटमळत राही, चुकल्या वासरासारखा. तिएरी तो ओळखी, बापाचा होता तो.

नाती मठाच्या दाराबाहेर ठेवायची. पुढे तिएरी मठाधिपती झाला, आणि मठाधिपतीला सगळेच 'बाबा' म्हणतात. त्याचा म्हातारा बाप जोस्बेरही अंगणात भेटला की लेकापुढे गुडघे टेकी.

"बाबा, आशीर्वाद द्या."

"देव भलं करो, बंधू जोस्बेर."

एवढंच. दुसरा शब्द ओठांशी येई नि मागे फिरे. म्हातारा गेला, तर तो शब्द द्यायचा कुणाला?

गेले काही दिवस जोस्बेर आजारघरात पडून होता, भिंतीपलीकडे खोकला नव्हता. तिएरीला तरीही तो ऐकू येई.

आज दुपारी फळी खडखडली. कुणाची अखेर जवळ आली, की ती बडवतात. मठात पळायची मुभा तेवढ्यापुरतीच. सगळे पळाले. मरणाऱ्याला निजवायच्या मठाच्या रीतीप्रमाणे आजारघराच्या जमिनीवर राखेचा क्रूस काढलेला, त्यावर घोंगडं, घोंगड्यावर जोस्बेर.

"एवढी राख?" तो कुरकुरला. "मला निजवताय, की भाजताय?"

"मरताना तरी गप रे, म्हाताऱ्या," शुश्रूषा करणारा बंधू रडता रडता हसला.

जोस्बेरची नजर तिएरीवर येऊन थांबली. मठाधिपतीच्या आज्ञेवाचून इथलं कुणी वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. त्याने कसेबसे हात जोडले.

"बाबा, जाऊ का?"

शेजारी उभा असलेला साधू एव्रार कुजबुजला, "परवानगी द्या, बाबा. जीव अडकलाय त्याचा."

तिएरी राखेतच बसला. बापाचा खरबरीत पंजा त्याने गालाशी घट्ट धरला.

"नको ना जाऊस, बाबा."