रुग्णाशी नातं

"रुग्णाशी नातं काय?" फॉर्मवरून मान वर न करता फार्मासिस्टनं विचारलं.

"माझ्या मुलीचे वडील," काउंटरपुढच्या बाई म्हणाल्या.

फार्मासिस्टचं पेन थांबलं. "म्हणजे तुमचे मिस्टर?"

"होते."

"अरेरे. कधी गेले?"

"गेले नाहीत हो! गोळ्या त्यांच्याच तर आहेत." बाईंना हसू आलं. "वेगळे झालो आम्ही. एकोणीस वर्षं झाली."

फार्मासिस्ट ओशाळली. गोळ्या साध्या नव्हत्या. असह्य दुखण्यावरच्या, कुलपातल्या कपाटात ठेवायच्या. दर महिन्याला मुलगी येऊन घेऊन जायची. आज तिलाच ताप भरला होता. "आई, फक्त घे आणि त्यांच्या दारात देऊन ये," असं तिनं सकाळपासून फोनवर चार वेळा बजावलं होतं.

"नेहमीचं माणूस नसेल तर पेशंटला फोन करून विचारावं लागतं," फार्मासिस्ट म्हणाली. "नियमच आहे, काकू. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात? विचारा की," बाई म्हणाल्या आणि उगाचच फॉर्म वाचायला चष्मा शोधू लागल्या. पर्सचे सगळे कप्पे उघडले.

"हॅलो," फोनच्या स्पीकरमधून आवाज आला. बाईंचा हात पर्समध्येच थांबला. चार वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नात, हा आवाज हॉलभर घुमत होता. आता कसा विहिरीतून आल्यासारखा.

फार्मासिस्टनं जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. मग म्हणाली, "गोळ्या न्यायला तुमची मुलगी नाही आलेली. दुसऱ्या एक बाई आल्यात. देऊ का त्यांच्याकडे?"

पलीकडून उलट प्रश्न आला.

"साठीच्या आहेत?"

"हो."

"पर्समध्ये काहीतरी शोधतायत?"

फार्मासिस्टनं वर पाहिलं. "हो."

"चष्मा असेल. कपाळावर आहे म्हणावं."

बाईंचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथंच होता. फार्मासिस्टला हसू आवरेना, घसा खाकरून तिनं विचारलं, "मग देऊ ना गोळ्या?"

"द्या. घरचीच आहे ती."

फोन बंद झाला. फॉर्मवर पत्नी, मुलगा, मुलगी, इतर एवढेच चौकोन होते. फार्मासिस्टनं 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर, काही न विचारता, 'घरची' असं लिहिलं. "इथं सही करा, काकू."

बाईंनी झर्रकन सही केली. फार्मासिस्टनं ती ओळखपत्राशी ताडून पाहिली. पुन्हा पाहिली.

"ही तुमचीच सही ना? कार्डावर वेगळी आहे."

बाईंनी फॉर्म जवळ ओढला. जुनं आडनाव, त्याचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोघांनी मिळून ही सही बसवली होती. "शेवटचं अक्षर असं खाली ओढ, म्हणजे कुणाच्या बापाला नक्कल करता यायची नाही," असं तो म्हणाला होता, आणि वर्तमानपत्राच्या कडा संपेपर्यंत दोघं गिरवत बसले होते. त्या दिवशी भाजी करपली होती.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "हात सवयीनं गेला."

"एकोणीस वर्षांनी?" फार्मासिस्टच्या तोंडून निसटलंच. मग घाईनं ती म्हणाली, "असू दे, असू दे. तिच्यावर रेघ मारा आणि शेजारी कार्डावरची करा."

बाईंनी रेघ मारली, इतकी हलकी की खालचं अक्षरन्‌अक्षर वाचता यावं. शेजारी दुसरी सही केली. ती मात्र सावकाश, कार्डाकडे बघून.

फार्मासिस्टनं कपाटाचं कुलूप उघडलं, गोळ्या दोनदा मोजून पाकिटात घातल्या. "डॉक्टरांनी या वेळी डोस वाढवलाय. पहिली गोळी घेतली की गरगरतं. कुणीतरी तासभर जवळ बसायला हवं. आहे ना तिथं कुणी?"

बाईंनी पाकीट पर्समध्ये नीट ठेवलं, चेन लावली.

"तासभरच?" त्यांनी विचारलं.