उघडून बघायचं नाही

"पट्टी उघडून बघायची नाही. खाली नवी कातडी विणली जातेय."

आईचा हा आवाज तिला आठवला, तेव्हा सर तिच्यावर खेकसत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. लहानपणी कोपर भाजलं होतं त्याचा व्रण मात्र अजून होता, वेडावाकडा, ओढल्यासारखा.

"हेही पाणीच!" सरांनी काचेची कुपी उलटी केली. आतला द्राव घळकन झाकणापाशी आला. "भाजलेल्यांच्या वॉर्डातले डॉक्टर दुपारी येतील. नाही पटलं तर काम बंद. काय दाखवू त्यांना? तुझ्या हातालाच गुण नाही."

प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. सर म्हणजे तिचे बाबा, हे कुणाला ठाऊक नव्हतं? पण या दाराच्या आत बाबा म्हणायचं नाही, असा नियम होता. त्यांचाच.

जखमेवर ओतलं की जागच्या जागी थिजेल असं जेल तिला करायचं होतं. पाण्यात पेप्टाइडचे इवले रेणू तरंगतात. प्रत्येकाला फॉस्फेटची शेपटी, ती एकाला दुसऱ्याजवळ येऊ देत नाही. एन्झाइम येतं, शेपटी कातरतं. मग कुणी न जोडता ते आपले आपण जुळतात. रेणूला रेणू बिलगतो, धाग्याला धागा. धाग्यांचं जाळं होतं आणि पाणी त्याच्या कुशीत मुकाट बसतं. माणसाने तेवढा वेळ हात आवरायचा.

तेच सरांना जमत नव्हतं. चहा झाला की चक्कर, फोन ठेवला की चक्कर. इनक्युबेटर उघडायचा, कुपी उचलायची, तिरकी करायची. "बसतंय का गं?" कोवळं जाळं दर वेळी फाटायचं. तिने एन्झाइम बदललं, पाणी बदललं, स्वतःलाच बोल लावला. मग एकदा त्यांनी कुपी तिरकी केली, तेव्हा आतलं धरू लागलेलं जाळं तुटताना तिला दिसलं. पण चारचौघांत सरांना सांगायचं, आणि तेही मुलीने?

"आता गप्प का? यापेक्षा घरी बसली असतीस तर बरं!"

ती वळली. ताडताड शेजारच्या खोलीत गेली. तिथल्या इनक्युबेटरमध्ये, दुसऱ्यांच्या भांड्यांमागे, तिने सकाळी एक कुपी लपवली होती. तेच पेप्टाइड, तेच एन्झाइम, तेच हात. ती घेऊन आली आणि सरांच्या डोळ्यांसमोर उलटी धरली.

थेंबही हलला नाही.

सरांचा चेहरा लख्ख उजळला. सवयीने हात पुढे आला. "बघू, बघू..."

तिने कुपी छातीशी ओढली.

"हात लावू नका, बाबा!"

तिने बाही वर सारली. कोपर त्यांच्यापुढे धरलं.

"हे भाजलं तेव्हाही तुम्ही असेच यायचात. ऑफिसला जाताना, आल्यावर, जेवताना उठून. पट्टी उचलायची आणि विचारायचं, 'भरतेय का गं?'" तिने व्रणावर बोट टेकवलं. "'उघडून बघायची नाही' म्हणून आई ओरडायची ना, ते मला नव्हतं, बाबा. तुम्हाला होतं."